लेकीची शपथ घालण्याआधी

पत्राचा गोषवारा: वाचक भगिनी ३४ वर्षांच्या, सांगली जिल्ह्यातल्या एका गावातल्या. नवरा साखर कारखान्यात फिटर. नऊ वर्षांपूर्वी त्यांना एचआयव्ही असल्याचं कळलं. बाई तेव्हाही निगेटिव्ह होत्या, आजही आहेत. पाच वर्षांची मुलगी, तीही निगेटिव्ह. एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राच्या) गोळ्या कधी चुकलेल्या नाहीत, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, कित्येक वर्षं ‘आढळला नाही’ असाच येतो. सासूबाईंना यातलं काही माहीत नाही. बाटली हलवली की खुळखुळते, म्हणून गोळ्या मेथकुटाच्या रिकाम्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवतात. आता पुण्यातल्या एका रुग्णालयातून विचारणा झाली आहे: रोजच्या गोळीऐवजी दर दोन महिन्यांनी कॅबोटेग्रॅव्हिर आणि रिल्पिव्हिरिन या औषधांची इंजेक्शनं, असा अभ्यास आहे, भाग घ्याल का? नवरा एका पायावर तयार. बाईंच्या भावाला सगळं ठाऊक आहे, तो म्हणतो, “उंदरासारखा प्रयोग करणार तुमच्यावर.” २२ पानांचा मराठी फॉर्म घरी आलाय, तोही त्याच डब्याखाली दडवलेला. बाई विचारतात: “सगळं चांगलं चाललेलं असताना हे कशाला? ते ऐकत नाहीत. लेकीची शपथ घालून थांबवू का?”

ताई,

शपथ घालू नका. पत्राच्या शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं शांतपणे बोलता येईल, पण शपथ एकदा घातली की बोलणंच संपतं. मग एक तर ते ऐकतील आणि मनात ठेवतील, नाहीतर तुम्हाला न सांगता सही करून येतील. तुमच्या घरात एक गोष्ट नऊ वर्षं झाकलेली आहे. तिच्या शेजारी दुसरी नको.

मी बरीच वर्षं एचआयव्हीच्या पेशंटबरोबर समुपदेशक म्हणून काम केलं आणि पुढे काही काळ एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरचं संशोधन योग्य आहे का ते तपासणाऱ्या समितीवर होते. कमिटीत डॉक्टर असतात, वकील असतात, आणि एक जागा साध्या, बाहेरच्या माणसासाठी ठेवलेली असते. त्या जागेवर मी बसायचे. त्यामुळे तुमच्या डब्याखाली जी पानं आहेत, तशी पुष्कळ पानं मी वाचली आहेत. त्यांत काय असतं हे मला माहीत आहे, आणि ती वाचताना माणूस कुठे थकून थेट सहीच्या पानावर जातो, हेही.

आधी तुमच्या भावाबद्दल. त्याला गप्प करू नका. तो बोलतो त्याला आधार आहे. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. पुढे संसदेच्या समितीने त्याची चौकशी केली, तेव्हा आंध्रमधल्या कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांच्या नव्हे, वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. औषधांच्या चाचण्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०१३ मध्ये न्यायालयाने सरकारला धारेवर धरलं आणि नियम कडक झाले. आज जे नियम लागू आहेत ते २०१९ चे. म्हणजे तुमच्या भावासारखं बोलणारी माणसं होती म्हणूनच तुमच्या हातातला फॉर्म २२ पानांचा झाला. पूर्वी तो दीड पानाचाही असे.

पण उंदीर आणि माणूस यांत एक फरक आहे. उंदराला कुणी विचारत नाही, आणि त्याला पिंजऱ्यातून उठून जाता येत नाही. तुमच्या नवऱ्याला विचारलं आहे. ‘नाही’ म्हणायला कारण द्यावं लागत नाही. नाही म्हटलं म्हणून एआरटी सेंटरची एक गोळीही कमी होणार नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे, २०१७ चा, सप्टेंबर २०१८ पासून लागू. समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय एचआयव्ही असलेल्या माणसाला कुठल्याही संशोधनात घेता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

आता तुमच्या एका वाक्याकडे येते. तुम्ही लिहिता, “सगळं चांगलं चाललेलं असताना.” हे चांगलं आलं कुठून, याचा विचार केलात का कधी?

नवऱ्याला एचआयव्ही असूनही तुम्ही नऊ वर्षं निगेटिव्ह आहात. निदानानंतर, डॉक्टरांना विचारून, तुम्ही मूल होऊ दिलंत. गोळ्या घेऊन व्हायरल लोड दबलेला असेल तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे डॉक्टर तुम्हाला छातीठोकपणे सांगू शकले. ही खात्री एका चाचणीतून सुरू झाली, आणि तिचं एक केंद्र आपल्या पुण्यात होतं, दुसरं चेन्नईत. एचपीटीएन ०५२ असं तिचं रुक्ष नाव. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, प्रत्येकात एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह. थेट तुमच्यासारखी. तेव्हा प्रतिकारशक्ती बरीच खाली गेल्याशिवाय गोळ्या सुरू करत नसत. अर्ध्या जोडप्यांत गोळ्या लगेच सुरू केल्या, अर्ध्यांत त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे थांबून. २०११ च्या मे महिन्यात, चाचणी ठरलेल्या मुदतीआधीच, निकाल जाहीर करावा लागला. जोडीदाराकडूनच लागण झाल्याचं तपासणीत सिद्ध झालेल्या २८ जणांपैकी २७ उशिरा गोळ्या सुरू केलेल्या गटातले होते आणि फक्त एक लगेच सुरू केलेल्या गटातला. म्हणजे धोका ९६ टक्क्यांनी कमी. त्यानंतर आणखी अभ्यास झाले, आणि २०१७ पासून आपल्याकडेही निदान झालं की लगेच गोळ्या सुरू करायचं ठरलं.

ते सत्तावीस जण मी विसरू शकत नाही. त्यांची कुणी फसवणूक केली नव्हती, त्यांना त्या काळचे मान्य उपचारच मिळत होते, निरोध आणि सल्लाही मिळत होता. तरीही एका प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंतची किंमत त्यांनी मोजली. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. चाचणी म्हणजे अजून उत्तर न मिळालेला प्रश्न, हे समजावं म्हणून सांगते. उत्तर आधीच ठाऊक असतं तर चाचणी करायची गरजच नव्हती.

तुमच्या भागातलंच आणखी एक सांगते. मिरजेजवळचं वानलेसवाडीचं सॅनेटोरियम तुमच्या सासूबाईंनी ऐकलेलं असेल. त्या काळी टीबी झाला की माणूस असा घरापासून दूर, वर्ष-वर्ष राहायचा. १९५६ मध्ये मद्रासमध्ये वस्तीतल्या गरीब पेशंटची विभागणी केली: काहींना सॅनेटोरियम, काहींना तीच औषधं घरी. घरी खाणं अपुरं, जागा कोंदट, तरीही ते जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना टीबी जास्त झाला असंही दिसलं नाही. आज टीबीच्या पेशंटला कुणी घरातून उचलून नेत नाही, ते त्या १९३ माणसांमुळे.

आता तुमच्या यजमानांकडे वळते, कारण या पत्रात त्यांचीही एक समजूत लपलेली आहे. “डॉक्टरांनीच विचारलंय म्हणजे चांगलंच असणार,” असं ते म्हणाले असं तुम्ही लिहिता. इथे फार माणसं गफलत करतात. आपला डॉक्टर औषध लिहून देतो तेव्हा तो आपल्या एकट्याचा विचार करत असतो. चाचणीचा डॉक्टर आपली काळजी घेतोच, पण त्याला एका प्रश्नाचं उत्तरही शोधायचं असतं, आणि कुणाला कुठलं औषध द्यायचं हे तो ठरवत नाही, सोडतीसारखी टाकलेली चिठ्ठी ठरवते: काहींना इंजेक्शन, काहींना आधीचीच गोळी. तुमच्या यजमानांना इंजेक्शनाच्या गटात टाकतील याची खात्री नाही. गोळ्यांच्याच गटात नाव आलं तर? त्यांना आजच विचारा. चेहरा पडला, तर ते अभ्यासात नव्हे, इंजेक्शनात भाग घ्यायला निघाले आहेत असं समजा.

या चिठ्ठीवरून आठवलं. आमच्या कमिटीसमोर एकदा असाच मराठी फॉर्म आला होता. त्यात ‘सहभागींचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल’ असं छापलेलं. मी समितीच्या शिपायाला आत बोलावलं, वाचायला दिलं आणि अर्थ विचारला. तो म्हणाला, “यादी करणार असतील.” आम्ही तो फॉर्म परत पाठवला आणि ‘कुणाला कोणतं औषध द्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं, संगणकावर ठरेल’ असं लिहायला लावलं. तुमच्या फॉर्ममध्येही असे शब्द असतील. पेन्सिल घ्या, न कळलेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा आणि तो कागद तसाच पुण्याला घेऊन जा. समजावून सांगणं हे त्यांचं काम आहे, तुम्ही लाजायचं कारण नाही.

सोयीचं ते चांगलंच असतं, असंही नाही. पूर्वी पुष्कळ जणांना वाटायचं की गोळ्यांना मध्ये मध्ये सुट्टी दिली तर दुष्परिणाम कमी होतील. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! ५,४७२ लोकांवर स्मार्ट नावाची चाचणी झाली आणि जानेवारी २००६ मध्ये थांबवावी लागली, कारण सुट्टी घेणाऱ्यांत गंभीर आजारपणं आणि मृत्यू मिळून दुपटीहून जास्त निघाले. त्यात ज्यांचं नुकसान झालं त्यांचं झालंच. पण अशा चाचण्यांवर बाहेरच्या तज्ज्ञांचं एक मंडळ मधूनमधून आकडे तपासतं आणि एक बाजू तोट्यात दिसली की थांबवायला सांगतं, म्हणून ते नुकसान तिथे अडलं.

मग या इंजेक्शनांचं काय? ही औषधं अगदी कोरी नाहीत. अमेरिकेत त्यांना जानेवारी २०२१ मध्ये मान्यता मिळाली. युगांडा, केनिया आणि दक्षिण आफ्रिकेत ५१२ लोकांवर केअर्स नावाचा अभ्यास झाला. वर्षभराने गोळीच्या आणि इंजेक्शनाच्या दोन्ही गटांत शंभरातल्या सुमारे सत्त्याण्णव जणांचा व्हायरल लोड दबलेला होता. म्हणजे इंजेक्शन गोळीपेक्षा जास्त ताकदीचं नाही, तिच्या तोडीचं आहे. तुमच्या यजमानांचा व्हायरल लोड आधीच दबलेला आहे. तो आणखी काय दबणार? त्यांना मिळाली तर सुटका मिळेल, जास्तीचं आरोग्य नाही. रोज रात्री गोळी हातात घेतली की सगळं पुन्हा आठवतं, असं ते तुम्हाला म्हणाले. त्याला तुम्ही पत्रात ‘हौस’ म्हटलंय. ती हौस नव्हे ताई, थकवा आहे. नऊ वर्षांच्या रात्री मोजून बघा, तीन हजारांवर जातात.

तरीही या इंजेक्शनांच्या काही गोष्टी तुम्हा दोघांना माहीत असायलाच हव्यात.

पहिली हिपॅटायटिस बीची, म्हणजे विषाणूमुळे होणाऱ्या एका काविळीची. एआरटी सेंटरवर मिळणाऱ्या नेहमीच्या गोळीत टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन असतं, आणि ते एचआयव्हीबरोबर हिपॅटायटिस बीलाही दाबून ठेवतं. इंजेक्शनातली दोन्ही औषधं ते करत नाहीत. ज्याला ही कावीळ आहे त्याने गोळी सोडली तर ती उसळून लिव्हरवर येऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये या इंजेक्शनांना पर्याय म्हणून मान्यता दिली तीही हिपॅटायटिस बी नसलेल्यांसाठीच. अभ्यासात घेण्याआधी ही तपासणी करतील, पण तुम्ही रिपोर्ट मागून बघा.

दुसरी टीबीची. आपल्याकडे हा विषय टाळून चालत नाही. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन या इंजेक्शनांचा असर फार कमी करतं, दोन्ही एकत्र चालत नाहीत. गोळी चालू असताना टीबी झाला तर तिच्यातल्याच डोल्युटेग्रॅव्हिर या औषधाचा जास्तीचा डोस देऊन भागवता येतं. इंजेक्शन चालू असताना झाला तर काय करणार, हे थेट विचारा.

तिसरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. फॉर्ममध्ये लिहिलेलं असेल, ‘तुम्ही केव्हाही अभ्यासातून बाहेर पडू शकता.’ अगदी खरं आहे. पण तुम्ही बाहेर पडलात तरी औषध लगेच शरीराबाहेर पडत नाही. शेवटच्या इंजेक्शननंतर ते वर्षभर, कधी त्याहून जास्त, थोडं थोडं उरतं. विषाणूला मारायला अपुरं, आणि त्याला औषध पचवायला शिकवायला पुरेसं. म्हणून सोडायचं झालं तर पुढच्या इंजेक्शनची तारीख येईल तेव्हा गोळ्या सुरू झालेल्याच पाहिजेत. ‘आता कंटाळा आला, जात नाही’ असं म्हणून घरी बसता येत नाही.

आणि चौथी तुमच्या घरची आहे. इंजेक्शन ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी किंवा आठवडाभर नंतर, एवढ्याच मुदतीत घ्यावं लागतं. दोन सुया, कमरेखाली, दोन्ही बाजूंना. दिवाळी झाली की गळीत हंगाम, आणि हंगामात कारखान्याच्या फिटरला रजा कोण देतो? पुण्याला जाऊन-येऊन पूर्ण दिवस मोडतो, आणि सुयांनंतर दोन-तीन दिवस बसायला-उठायला दुखू शकतं. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी अभ्यासाकडून मिळू शकते, ती मागायला संकोच करू नका. पण मुकादमाला दर दोन महिन्यांनी काय कारण सांगायचं, याचा विचार यजमानांनी केलाय का? गोळी घरात लपवावी लागते. इंजेक्शनामुळे कामावर काहीतरी लपवावं लागेल.

पुण्याला जाल तेव्हा दोघं जा. सही त्यांची एकट्याची आहे, कायद्याने तुमची लागत नाही, पण तुम्ही सोबत बसून ऐकायला कुणाची हरकत नसावी, यजमानांची संमती असली की झालं. अभ्यासाचा सीटीआरआय नंबर मागा. आपल्या देशातल्या औषधचाचण्यांची ही सरकारी नोंदवही आहे, २००९ पासून तिच्यात नोंद सक्तीची आहे आणि ती इंटरनेटवर कुणालाही बघता येते. नंबर सांगताना कुणी चाचरलं, तर उठून या. अभ्यास संपल्यावर इंजेक्शन मिळत राहणार का, किती दिवस, कुणाच्या खर्चाने, हे विचारा. नाहीतर दोन वर्षांनी परत डबा आणि परत कापूस. इजा झाली तर उपचार मोफत करावे लागतात, आणि ती चाचणीमुळेच झाली असेल तर भरपाईही द्यावी लागते. फॉर्ममध्ये ते पान शोधा. रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, एथिक्स कमिटीचा नंबर कुठला, हे बघा. सही केलीत तर फॉर्मची प्रत तुमची असते, ती घेतल्याशिवाय निघू नका. एआरटी सेंटरलाही आधी कळवा आणि तिथलं नाव चालू राहील ना, हे पक्कं करा.

तुम्हाला भीती आहे की व्हिडिओ काढतील आणि चेहरा कुठेतरी जाईल. काही चाचण्यांत संमती देतानाचं चित्रीकरण सक्तीचं असतं हे खरं. पण २०१९ च्या नियमांत एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी सवलत आहे: फक्त आवाज नोंदवायचा, चेहरा नाही. नियम लिहिणाऱ्या कुणाला तरी तुमची भीती कळलेली होती.

आता त्या डब्याबद्दल. गोळ्या कापसात ठेवू नका. बाटलीत जी छोटी पुडी असते ती ओल शोषून घेण्यासाठी असते, आणि या गोळ्यांना दमट हवा मानवत नाही. मूळ बाटलीतच ठेवा. खुळखुळू नये म्हणून बाटलीभोवती रुमाल गुंडाळा, आणि ती कपाटात ठेवा, स्वयंपाकघरातली वाफ नको.

सासूबाईंना सांगा असं मी म्हणणार नाही. ते केव्हा आणि सांगायचं की नाही, हे तुमच्या यजमानांनी ठरवायचं, कायद्यानेही आणि नात्यानेही. पण एक विचारते. आईला कळेल ही धास्ती नसती, तरी त्यांना इंजेक्शन हवं असतं का? ‘हो, मला रोजची गोळीच नको झालीय’ असं ते म्हणाले, तर त्या वाटेने जायला हरकत नाही, वरचे सगळे प्रश्न विचारून जा. उत्तर ‘नाही’ असेल, तर त्यांना चाचणीची गरज नाही, मोकळं बोलायला माणसाची गरज आहे. एआरटी सेंटरच्या समुपदेशकाकडे दोघं मिळून जा. आजवर तुम्ही तिथे गोळ्या घ्यायला गेलात. बोलायला गेलात का?

माझं मत विचाराल तर: सध्याच्या गोळीने त्यांचं उत्तम चाललंय, त्यामुळे घाई कसलीच नाही. हिपॅटायटिस बी नसेल, हंगामातल्या रजेचं जमत असेल, आणि चिठ्ठी गोळीची निघाली तरी ते मनापासून थांबणार असतील, तर मी त्यांना अडवणार नाही. यातली एक जरी गोष्ट बसत नसेल, तर या वेळी नको म्हणा.

पण ते ‘नको’ त्यांच्या तोंडून निघू द्या, तुमच्या शपथेतून नव्हे. आज रात्री सासूबाई निजल्या की फॉर्म डब्याखालून काढा आणि दोघं मिळून पहिल्या पानापासून वाचा, रोज चार-पाच पानं. आठवड्यात संपेल. शेवटी नाहीच ठरलं, तर अभ्यासाच्या बाईंना फोन करून “आम्हाला भाग घ्यायचा नाही” एवढंच सांगायचं. का, असं त्यांनी विचारलं तरी उत्तर द्यायलाच हवं असं नाही. आणि पुढच्या तारखेला नेहमीप्रमाणे सेंटरवर जाऊन गोळ्या घेऊन यायच्या.